आईला कळता कामा नये

दोन्ही कागद कोरडेच निघाले. खालच्या पापणीच्या आत टोक अडकवून ठेवलेल्या टिपकागदाच्या त्या बारीक पट्ट्या डॉक्टर मीरा टिपणीसांनी चिमट्याने अलगद काढल्या, खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या आणि विचारलं, "तुम्ही शेवटच्या कधी रडलात हो?" पद्मजाला आधी वाटलं, ही पोर थट्टा करतेय. पण मुलुंड स्टेशनजवळच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात थट्टेचं वातावरण नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा तर पेपर तपासणाऱ्या मास्तरणीसारखा झाला होता. "हे कागद निदान अर्धे तरी भिजायला हवेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाहीये. वयाने होतं असं. बायकांना पाळी जायच्या सुमाराला जास्तच. आणि त्यावर तुमच्या या जुन्या कडक लेन्स. बुबुळावर ओरखडे उठलेत. आता लेन्स बंद." "किती दिवस?" "दिवस नाही हो. कायमच्याच. रोज किती वेळ लावता?" "सकाळी आंघोळ झाली की लावते. रात्री दिवा मालवला की काढते." "रोज? घरातसुद्धा?" "पंचवीस वर्षं झाली." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात कशाला?" हा प्रश्न पंचवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. तिने स्वतःही नाही. "सवय," ती म्हणाली, आणि पर्स उचलून जिना उतरली.

पूल ओलांडून ती पूर्वेला आली तेव्हा ऊन उतरत होतं आणि मिठागरांकडून तो नेहमीचा वारा येत होता, ओठांवर खारट चव ठेवून जाणारा. डोळ्यांत वाळू असल्यासारखं टोचत होतं. हे टोचणं दोन वर्षांचं होतं. विक्रोळीच्या ज्या कंपनीत ती टायपिंग करायची, तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याला उकडू नये म्हणून अख्ख्या मजल्याला एसी आला. माणसांना इतकी वर्षं उकडत होतं त्याचं काही नव्हतं. दुपारी दोनच्या पुढे कागदावरची अक्षरं दुधात बुडायची. ती बाथरूममध्ये जायची, लेन्स काढायची, जिभेवर ठेवून ओली करायची, परत घालायची. शेजारच्या टेबलावरची कमल म्हणायची, "पद्मजा, तुझे डोळे लाल झालेत गं, घरी काही झालं का?" काही झालेलं नसायचं. लेन्सचं कमललाही ठाऊक नव्हतं. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, सासरच्या गोतावळ्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, नंदकिशोर सोडून. तो तिचा नवरा होता, त्याला ठाऊक असणारच. पण त्याला ठाऊक झालं ती वेळ तिने मनात एखाद्या दागिन्यासारखी जपली होती. संसारातले बाकीचे दिवस नुसतेच गेले होते. तो एक मात्र कधी गेलाच नव्हता.

तिचं माहेर घाटकोपरच्या चाळीतलं. बासष्ट साली तिला चार स्थळांनी नाकारलं होतं. मुलगी गोरी, नाकीडोळी नीटस, अकरावी पास, पण चष्मा. चष्मा म्हणजे साधासुधा नाही, उणे अकरा नंबरचा. त्या काचांमागे तिचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. चौथ्या स्थळाची आत्या तर तिच्यासमोरच म्हणाली होती, "मुलं आंधळी निपजायची." मग आईने कोणाकडून तरी ऐकलं, की फोर्टातला एक चष्मेवाला डोळ्यांच्या आत बसणारी भिंगं करून देतो. मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, कडक, निळसर. पहिल्यांदा डोळ्यांत घातली तेव्हा ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली होती, इतकं दुखलं. "होईल सवय," चष्मेवाला म्हणाला. "होईल सवय," आई म्हणाली. त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी काय कमी होतं! धारा लागायच्या. नंदकिशोर बघायला आला त्या संध्याकाळीही ती पोह्यांची बशी पुढे करत असताना डोळे काठोकाठ भरले होते, आणि ते पुसायचे नाहीत, पुसलं तर भिंग सरकेल, एवढं एकच तिला कळत होतं. तिने मान वर केली आणि भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पुढे तो मित्रांना रंगवून सांगायचा, "हिचे ते पाणावलेले डोळे पाहिले आणि मी तिथेच हो म्हटलं. मुलगी हळवी आहे, लगेच ओळखलं."

लग्नाच्या आठवड्याभरातच ते झालं. मुलुंडच्या दोन खोल्यांत नवरा, सासू जानकीबाई आणि कॉलेजात जाणारी नणंद सुलक्षणा. भल्या पहाटे पद्मजा मोरीत लेन्स घालत होती आणि एक बोटावरून निसटली. ती ओल्या फरशीवर गुडघे टेकून, तळवे फिरवत शोधत बसली. सगळं जग धूसर. दारात कोणी तरी उभं आहे एवढंच कळलं. "काय शोधतेस?" तिने मान वर न करता सगळं सांगून टाकलं. चष्मा, चार स्थळं, फोर्ट, सगळं. सांगून झाल्यावर वाट पाहिली. आता हा आईला हाक मारणार, आणि दुपारपर्यंत मी घाटकोपरला. नंदकिशोरने आधी मोरीचं दार लोटून घेतलं. मग लेंगा वर खोचून तो तिच्याशेजारी खाली बसला आणि त्यानेच ते भिंग शोधून काढलं, मोरीच्या जाळीच्या अगदी काठावरून. तिच्या तळहातावर ठेवलं, तिची बोटं मिटवली आणि कुजबुजला, "आईला कळता कामा नये. ती म्हणेल, फसवलं. मी आहे, तू घाबरू नको." मी आहे. बावीस वर्षांच्या मुलीला ओल्या मोरीत बसून हे शब्द ऐकू आले, आणि पुढे काय वाटेल ते झालं तरी तिने त्या शब्दांच्या तारणावर त्याला सगळं माफ केलं. त्याचं घुम्यासारखं बसणं, बढतीनंतरचा तोरा, पाहुण्यांपुढे तिचं बोलणं तोडणं. ज्याने झाकून घेतलं, त्याला कशाचा जाब विचारायचा?

आणि सासूची मात्र तिने धास्ती घेतली. जानकीबाई उठायच्या आधी उठायचं, त्या झोपल्यावर झोपायचं, तापातसुद्धा भिंगं डोळ्यांतच. बाळंतपणात मुलाला पाजतानाही डोळ्यांची आग आग व्हायची, पण चष्मा ट्रंकेत साड्यांच्या तळाशी. म्हातारी खमकी होती. कांदा चिरताना सुनेच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही, कारण बुबुळावर भिंगाचं झाकण, हे बघून ती म्हणायची, "घट्ट आहे हो बाई." पद्मजा मान खाली घालून चिरत राहायची. कधी सुईत दोरा ओवता ओवता हात चाचपडू लागला की जानकीबाई सुई हातातून काढून घ्यायच्या. "दे इकडे. तुझ्याने नाही व्हायचं." कधी भर दुपारी म्हणायच्या, "जा, दार लावून पड तासभर. डोळे मिटून घे. मी बघते पोराकडे." पद्मजाला वाटायचं, टोमणा आहे. कामचुकार म्हणतेय. ती मुद्दाम पडायची नाही, तांदूळ निवडत बसायची, आणि खडे तसेच राहून जायचे. ब्याऐंशी साली जानकीबाई गेल्या, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला, की आता घरात चष्मा लावता येईल. त्या विचाराची तिला लाज वाटली, पण तो आलाच. तेरावं झाल्यावर एका सकाळी तिने ट्रंकेतून चष्मा काढून लावला. नंदकिशोर दाढी करत होता. आरशातूनच त्याने पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे ना ते. मला सवय झालीय तुझ्या तशा चेहऱ्याची." तिने चष्मा ट्रंकेत ठेवून दिला. त्याचं एवढं आपल्याकडे लक्ष असतं, याचं तिला बरंच वाटलं होतं.

आता दवाखान्यातून आल्यावर मात्र ट्रंक उघडावीच लागली. नंदकिशोरने सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर लोकांना काय, सांगायला जातं," एवढंच म्हणाला. मग ताटावर बसल्यावर तो आमटीच्या वाटीशी बोलू लागला. मीठ जरा कमी आहे, हे वाटीला. उद्या उशीर होईल, हे वाटीला. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं तो टाळत होता, वाईटपणाने नव्हे, रस्त्यात अपघात झालेला असला की माणूस नजर वळवतो तसा. आठवडा असाच गेला. चष्म्यात तिला भिंतीवरचे पोपडे दिसले, आरशात स्वतःच्या गळ्याच्या सुरकुत्या दिसल्या, आणि टोचणं हळूहळू कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब घातले की दोन घटका डोळे पूर्वीसारखे ओले वाटायचे. बसल्या जागी तिला झोप यायची. एवढं साधं सुख आपल्याला इतकी वर्षं माहीत नव्हतं!

पण त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, आणि बडोद्याला नोकरीला असलेल्या मुलाने परस्पर हॉल घेतला होता, व्हिडिओवाला ठरवला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी नंदकिशोर स्वयंपाकघरात आला. तसा तो कधी येत नसे. ओट्याशी उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐक ना. उद्या तेवढ्या लाव."

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"रोज नाही म्हणाल्या. एका संध्याकाळचं काय गं? जन्मभराचे फोटो आहेत. सगळे येणार, माझ्या ऑफिसचे येणार. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हणताना त्याचा आवाज मऊ झाला होता, ओल्या मोरीत झाला होता तसाच. तिने गॅस बारीक केला. मनात डॉक्टरीणबाईंचं ते 'कायमच्याच' होतं, आणि त्याच्यावर हा हात. "बरं," ती म्हणाली.

हॉलमध्ये दोन्ही बाजूंना उभे पंखे होते आणि व्हिडिओवाल्याचा तो पांढरा जळता दिवा तोंडासमोर. "काकू, इकडे बघा. डोळे जरा मोठे करा. छान!" लोक आहेर देत होते, पाया पडत होते, आणि उजव्या डोळ्यात कोणी तरी काच कुटून भरल्यासारखं होत होतं. ती हसत होती. नंदकिशोर कोणाला तरी सांगत होता, "हिचे ते पाणावलेले डोळे पाहिले आणि…" मध्येच ती हॉलच्या मागच्या बाथरूममध्ये गेली, उजवी लेन्स काढली. थेंबांची बाटली घरीच राहिलेली. जुन्या सवयीने लेन्स जिभेवर ठेवली, ओली केली, परत घातली. जेवणं उरकून घरी यायला बराच वेळ लागला. लेन्स काढताना ती डोळ्याला चिकटून बसली होती. निघाली, पण कातडं सोलावं तशी.

सकाळी डोळा उघडेना. दुपारपर्यंत पुवासारखं पांढरं काही तरी बुबुळावर दिसू लागलं. डॉक्टर टिपणीसांनी तिला तशीच रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात पाठवलं. पाठवताना त्यांचा आवाज चढला होता. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला? का लावल्यात?" "फोटो होते," पद्मजा म्हणाली. बुबुळावर जखम होऊन त्यात जंतू शिरले होते. तासातासाला थेंब, दुखणं असं, की कपाळ भिंतीवर आपटावं. पंधरवड्याने जखम भरली, पण भरली ती पांढऱ्या वणाने. उजव्या डोळ्याला उजेड कळत होता, अंधार कळत होता, मधलं काही नाही. "डावा जपा," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. नंदकिशोरने रजा घेतली होती. थेंब तोच घालायचा, वेळेवर, नेमाने. खिचडी करायचा. ती पडल्या पडल्या विचार करायची, की दोष माझाच. त्याने म्हटलं म्हणून काय झालं, मला अक्कल नव्हती?

ती घरी आल्यावर सुलक्षणा बोरिवलीहून भेटायला आली. मोसंबी आणली होती. नंदकिशोर औषधं आणायला खाली गेलेला. सुलक्षणा पलंगाशी स्टूल ओढून बसली, आणि उशीजवळचा चष्मा उचलून तिने सहज डोळ्यांना लावून पाहिला.

"अगं बाई! काय जड काचा गं या, वहिनी! आई म्हणायची ते खरंच."

पद्मजाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आई काय म्हणायच्या?"

"हेच की, केवढा नंबर घेऊन वावरते बिचारी."

"त्यांना कुठे ठाऊक होतं?"

सुलक्षणाने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे? अगं, पहिल्या दिवाळीच्या आधीपासून ठाऊक होतं. दादानेच सांगितलं. मी होते की तिथे."

"आणि?"

"आणि काय? आई म्हणाली, एवढंच ना? मग घरात लावू दे की तिला चष्मा, मला कुठे तिच्याशी लग्न करायचंय! तर दादा म्हणाला, नको, तुला कळलंय हे तिला कळू देऊ नको. कळलं तर दिवसभर चष्माच लावून बसेल." सुलक्षणा हसली, आणि मग पद्मजाचा चेहरा बघून तिचं हसणं अर्ध्यात राहिलं. "तुला दादाने नंतर सांगितलं असेल असं मला वाटलं, वहिनी. देवाशप्पथ. आईला चुटपुट असायची. तुझे डोळे लाल दिसले की म्हणायची, पोरीला जरा पडू तरी दे. पण दादाला शब्द दिला होता ना तिने. मुलाचा शब्द म्हणजे तिला…"

पुढचं पद्मजाला ऐकू आलं नाही. सुई. दे इकडे, तुझ्याने नाही व्हायचं. तेव्हा त्या आवाजात जे होतं ते आता तिला ऐकू येत होतं, आणि ऐकू येऊन उपयोग नव्हता. दार लावून पड तासभर. वीस वर्षं एक बाई तिला तिच्याच घरात सावलीला ये म्हणत होती, आणि ती त्या बाईला पहारेकरी समजून उन्हात उभी राहिली होती. शेवटच्या दुखण्यात जानकीबाईंनी तिचा हात धरून काही बोलायला तोंड उघडलं होतं, आणि तिने पाण्याचा चमचा पुढे केला होता. काय बोलायचं होतं त्यांना? आणि तो मोरीतला माणूस, गुडघ्यावर बसलेला, मी आहे म्हणणारा? त्याने भिंग शोधलं ते कोणासाठी? तिने पंचवीस वर्षं जपलेली ती पहाट आता हातात धरवत नव्हती. आणि टाकायची तर तिच्यावर अख्खा संसार उभा होता.

नंदकिशोर परत आला, सुलक्षणा घाईघाईने निघून गेली. थेंबांची वेळ झाली होती. त्याने बाटली हलवली, पद्मजाची पापणी अंगठ्याने खाली ओढली. थेंब पडू दिला तिने. मग त्याचं मनगट धरलं.

"आईंना तुम्ही सांगितलं होतंत?"

"काय?"

"माझ्या लेन्सचं. पहिल्याच वर्षी."

त्याने मनगट सोडवून घेतलं. "सुली बरळली वाटतं काही तरी."

"सांगितलं होतंत का?"

"अगं, इतकी जुनी गोष्ट. विषय निघाला असेल कधी."

"आणि मला नाही सांगितलंत."

"सांगून काय होणार होतं?" तो बाटलीचं झाकण लावत होता, आणि ते नीट बसत नव्हतं. "तू छान दिसायचीस. तुला नको होतं का छान दिसायला? तुझ्याच आईने आणल्या होत्या ना त्या? मी नव्हत्या आणल्या. मी तर कोणाला कळूसुद्धा दिलं नाही. दुसरा असता तर घाटकोपरला नेऊन घातली असती."

"आईंची भीती घातलीत मला. वीस वर्षं."

"भीती कसली? घर नीट चाललं ना? आणि हे बघ, आत्ता तू आजारी आहेस, उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नको." तो उठला. दारापर्यंत जाऊन वळला. खरोखरच कळत नसल्यासारखा त्याचा चेहरा होता, थोडा दुखावलेलाही. "रजा घेऊन मी इथे तुझं करतोय, आणि तू जुनं उकरून काढतेयस." भांडायला काही तरी हाताशी लागतं. हा माणूस खोटंही बोलत नव्हता. त्याने जे केलं ते त्याच्या लेखी काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेल्या गोष्टीची माफी कोण मागतं?

महिन्याभराने नवा चष्मा करायला ते दोघं पाचरस्त्याजवळच्या दुकानात गेले. चष्मेवाल्याने तिचा उजवा डोळा पाहिला, आणि मग नंदकिशोरकडे बघून अदबीने म्हणाला, "साहेब, या बाजूला गडद काच घालू या. म्हणजे आतलं पांढरं दिसणार नाही. हल्ली बरेच जण करतात." "हो हो," नंदकिशोर म्हणाला, "तेच बरं. ती तपकिरी दाखवा." पद्मजा काउंटरवरच्या फ्रेमी बघत होती. "साधी घाला," ती म्हणाली. "दोन्हीकडे साधी, पांढरी." "अगं, दिसेल ते." "दिसू दे." तिचा आवाज चढला नव्हता. चष्मेवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेन्सिल उचलली.

नव्या चष्म्यात पहिल्यांदा नंदकिशोरबरोबर बाहेर पडली त्या संध्याकाळी भाजी घेताना त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजी राणे भेटले. ते थबकलेच. "अरे वहिनी! डोळ्याला काय झालं हो हे?" "इन्फेक्शन," नंदकिशोर चटकन म्हणाला. "साधं इन्फेक्शन. चला, निघू या." पण पद्मजाने पिशवी खाली ठेवली. "इन्फेक्शन नंतर झालं," ती म्हणाली. "आधीपासून सांगते. माझा नंबर उणे अकरा, लग्नाच्या आधीपासून." आणि ती सांगत गेली, सरळ, न रडता, न चिडता, आधी काय झालं, मग काय झालं. चार स्थळं सांगितली. मोरी सांगितली. सासूबाईंना पहिल्या वर्षीच कोणी सांगितलं, आणि काय बजावलं, ते सांगितलं. हॉल सांगितला. राण्यांच्या हातातली मेथीची जुडी खाली झुकत गेली. कुठे बघावं हे त्यांना कळेना. भाजीवाली शेवंती तराजू तसाच धरून ऐकत होती. नंदकिशोर आधी "अगं, अगं" म्हणाला, मग दोन दुकानं पुढे जाऊन पाठ करून उभा राहिला. सांगून झाल्यावर तिने पिशवी उचलली आणि त्याच्याजवळ गेली. दोघं घरी आले. तिने भाजी निवडली, त्याने बातम्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कमलने विचारलं, तिला सांगितलं. जिन्यात मालनकाकूंनी विचारलं, त्यांना सांगितलं. आताशा नंदकिशोर तिच्याबरोबर बाहेर निघायला कारणं काढतो. पण लग्नकार्य असतं, बारसं असतं, दोघांनी जावंच लागतं. कोणी तरी जवळ येऊन आवाज उतरवून विचारतंच. मग ती पिशवी खाली ठेवते, आणि तो, अजून ती एक शब्द बोललेली नसताना, दाराकडे चालू लागतो.